नववा प्रश्न

दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात, महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात, कधी ओसरीवर टेकलेल्या आशाताईंच्या हातात आणि आता मोबाइलवरही एक छोटा तक्ता दिसतो. त्यात नऊ प्रश्न असतात. प्रत्येकाला चार उत्तरं: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून अधिक दिवस, जवळपास रोज. गुण शून्य ते तीन. झोप, भूक, थकवा, कामात मन न लागणं, हे प्रश्न भराभर होतात. नवव्यापाशी आवाज खाली येतो. गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं असं वाटलं का, किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का, हे तिथं विचारायचं असतं. कुणी कागदावरची नजर न उचलता विचारतं. कुणी ‘तसं काही नाही ना?’ असं विचारतं. कुणी तर समोरच्याचा चेहरा पाहून स्वतःच शून्यावर खूण करतं आणि पुढच्या माणसाला आत बोलावतं.

ही प्रश्नावली म्हणजे पीएचक्यू-९. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोंके या अमेरिकी संशोधकांनी ती घडवली आणि २००१ साली तिच्या तपासणीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती नैराश्य मोजण्यासाठी आहे, आत्महत्येच्या विचारांसाठी नव्हे. पण फुकट मिळते, पाच मिनिटांत संपते, म्हणून तिचा नववा प्रश्न जगभर त्या कामालाही जुंपला गेला. त्याच्या जोडीला खास या कामासाठी घडवलेल्या छोट्या प्रश्नावल्या आहेतच: चार प्रश्नांच्या, पाच प्रश्नांच्या, सहा प्रश्नांच्या.

माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रश्न विचारलाच पाहिजे, सर्वांना आणि स्पष्ट शब्दांत. त्यावर जो आकडा येतो तो बोलणं सुरू करायला पुरेसा आहे. माणूस धोक्यात आहे की नाही याचा निवाडा करायला तो पुरेसा नाही, आणि कुठल्याही छोट्या प्रश्नावलीचा आकडा तेवढा पुरेसा होणार नाही. आपल्याकडे मात्र विचारताना जीभ अडखळते, आणि आकडा हाती आला की आपण त्यावर डोळे मिटून विसंबतो.

मोजमापाच्या शास्त्रात दोन शब्द नेहमी जोडीनं येतात, विश्वसनीयता आणि यथार्थता. एखाद्या दुकानातला काटा दर वेळी पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर तो विश्वसनीय आहे: आज टाका, उद्या टाका, उत्तर तेच. पण तो यथार्थ नाही, कारण पिशवीत तेवढं धान्य नाही. धान्याच्या बाबतीत हे कळायला दुसरा काटा पुरतो. मनातल्या विचाराला ताडून पाहायला दुसरा काटा कुठून आणायचा, इथून खरी अडचण सुरू होते.

आधी विश्वसनीयता. प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे पाहण्याचं सर्वांत प्रचलित माप म्हणजे क्रॉनबॅकचा अल्फा, १९५१ सालापासून चालत आलेला. तो एकाच्या जितका जवळ, तितकी प्रश्नावली एकसंध मानली जाते. ऑस्ट्रेलियात तयार झालेली सिडास ही पाच प्रश्नांची प्रश्नावली २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचा अल्फा ०.९१ निघाला. हा आकडा पाहून माना डोलतात. पण पाच प्रश्न एकाच गोष्टीला पाच बाजूंनी हात लावत असतील तर ते जुळणारच. त्यावरून एवढंच कळतं की प्रश्न आपसांत भांडत नाहीत. ते योग्य जागी बोट ठेवतात की नाही, हे अल्फा सांगत नाही. आणि पीएचक्यूच्या नवव्यासारखा एकटा प्रश्न असेल, तर त्याचा अल्फा काढताच येत नाही. एकट्याची साक्ष कुणाशी जुळवणार?

दुसरी कसोटी म्हणजे पुन्हा विचारून पाहणं. आज आलेलं उत्तर आठवड्यानं तेच येतं का? बुद्धिमत्तेच्या चाचणीत हे ठीक आहे, बुद्धी आठवड्यात बदलत नाही. आत्महत्येचा विचार बदलतो. २०१७ साली इव्हान क्लायमन आणि मॅथ्यू नॉक यांच्या गटानं दिवसातून अनेकदा मोबाइलवर प्रश्न विचारून या विचारांचा माग काढला. अशा विचारांची तीव्रता आठवड्यांच्या नव्हे, तासांच्या हिशेबानं वरखाली होते, असं त्यांना दिसलं. सकाळी दहाला ‘नाही’ म्हणणारा माणूस खरं सांगत असतो. रात्री दहाला त्याचं खरं वेगळं असू शकतं. अशा वेळी पहिलं आणि दुसरं उत्तर जुळलं नाही, तर दोष प्रश्नावलीचा धरायचा की ताप चढत-उतरत होता असं म्हणायचं? मला वाटतं, इथं फार उंच पुनर्चाचणी-विश्वसनीयता दिसली, तर उलट शंका घ्यावी. माणसं आपली अवस्था सांगत नसून मागच्या वेळी काय सांगितलं ते आठवून सांगत असतील.

या अडचणीवर एक शहाणा तोडगा फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांनी काढला. त्यांची आत्महत्येच्या विचारांची १९ कलमी मोजपट्टी १९७९ ची. तिच्यात सध्याच्या विचारांची चौकशी होती. पुढं त्यांनी तेच प्रश्न आयुष्यातल्या सर्वांत वाईट क्षणाबद्दलही विचारायला सुरुवात केली. १९९९ च्या निबंधात या ‘सर्वांत वाईट क्षणा’च्या गुणांत वरच्या गटात पडलेल्या रुग्णांत पुढं आत्महत्येनं मृत्यू येण्याची शक्यता बाकीच्यांच्या सुमारे १४ पट आढळली. आजच्या मनापेक्षा त्या क्षणाची आठवण अधिक बोलकी निघाली. म्हणून दोन आठवड्यांच्या चौकटीत अडकलेल्या प्रश्नापुढं ‘आणि याआधी कधी?’ एवढं एक वाक्य जोडणं फुकटचं असूनही फार मोलाचं आहे.

आता यथार्थता. नवव्या प्रश्नाची बांधणी पाहिली तरी खोट दिसते. मेलेलं बरं वाटणं आणि स्वतःला इजा करावीशी वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या ‘किंवा’नं बांधून एकच गुण दिला आहे. दीर्घ आजारानं थकलेले आजोबा पहिल्या अर्ध्याला ‘हो’ म्हणतील, तणाव असह्य झाला की स्वतःला ओरबाडणारी मुलगी दुसऱ्या अर्ध्याला. दोघांच्या कागदावर एकच आकडा, गरजा मात्र वेगळ्या. केली पोस्नर आणि सहकाऱ्यांची कोलंबिया मोजपट्टी या गुंत्याच्या पायऱ्या करते: मरणाची इच्छा, मग आत्महत्येचा मोघम विचार, मग कसं याचा विचार, मग तसं करण्याचा इरादा, शेवटी ठरवलेला बेत. त्या पायऱ्या मला उपयोगी वाटतात, कारण विचारणाऱ्याला पुढं काय विचारायचं ते कळतं. पण माणसं पायरी-पायरीनं चढत जातात असं मात्र नाही. मधल्या पायऱ्या गाळून थेट वर पोहोचणारेही असतात.

उलट बाजूनंही चूक होते. नॉक यांच्याच सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात, ‘पूर्वी प्रयत्न केला होता’ असं एकाच प्रश्नावर सांगणाऱ्यांना खोलात विचारलं, तेव्हा सुमारे ११ टक्क्यांच्या कृती आत्महत्येच्या प्रयत्नाच्या व्याख्येत बसत नव्हत्या. ते खोटं बोलले नव्हते. ‘प्रयत्न’ हा शब्द संशोधकाला जसा कळतो तसा तो त्यांना कळला नव्हता.

यथार्थतेचे आकडे वाचताना मी नेहमी एक गोष्ट शोधतो, ताडून पाहिलं ते कशाशी? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या लिसा हॉरोविट्झ यांनी मुलांच्या तातडीच्या उपचार विभागांसाठी चार प्रश्न निवडले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात १० ते २१ वयाचे ५२४ रुग्ण होते. धोका असलेल्यांपैकी ९६.९ टक्के या प्रश्नांनी टिपले आणि नसलेल्यांपैकी ८७.६ टक्क्यांना योग्य तऱ्हेनं वगळलं. उत्तम काम आहे. पण ‘धोका असलेले’ हे ठरवलं कसं? आत्महत्येच्या विचारांची एक लांब प्रश्नावली भरून. म्हणजे छोटी प्रश्नावली मोठीशी ९७ टक्के जुळली. ती भविष्याशी जुळते असं कुणी म्हटलेलं नाही. तरी हाच आकडा प्रशिक्षणाच्या फळ्यावर येतो तेव्हा त्याचं ‘९७ टक्के अचूक अंदाज’ होऊन जातं. या एका गैरसमजानं जितकं नुकसान केलं असेल, तितकं वाईट प्रश्नांनीही केलं नसेल.

भविष्याचा हिशेब वेगळाच आहे. तो १९५४ मध्येच अल्बर्ट रोझेन यांनी मांडून ठेवला आहे. आपल्या आकड्यांनी करून पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, दर लाखामागे १२.४. एक लाख लोकांना प्रश्नावली दिली, आणि ती आजवर कुणाला न साधलेली अशी असली, की वर्षभरात जाणाऱ्यांपैकी ९० टक्के ओळखते आणि न जाणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडून देते. बारांपैकी अकरा सापडतील. त्यांच्यासोबत जवळजवळ दहा हजार असे लोक धोक्याच्या यादीत येतील, जे त्या वर्षात आत्महत्या करणार नाहीत. नऊशेंमागे एक. आणि एक माणूस यादीबाहेर राहून जाईल. पोलिसांच्या नोंदी अपुऱ्या असतात हे धरून आकडा दुप्पट केला, तरी चित्र फारसं बदलत नाही. हा प्रश्नावलीचा दोष नाही. घटना विरळ असली की असंच होतं, आणि ती विरळ आहे याबद्दल खंत करण्याचं कारण नाही.

कागदावरचा हा हिशेब प्रत्यक्षातही तपासला गेला. ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ॲलेक्स पोकोर्नी यांनी मनोविकार विभागात दाखल झालेल्या ४,८०० जणांना त्या काळी उपलब्ध असलेल्या बहुतेक मापांनी मोजलं आणि पाच वर्षं माग ठेवला. त्यातले ६७ जण आत्महत्येनं गेले. नेमके कोण जाणार, हे सांगणं कुठल्याच मापाला वा मापांच्या मिश्रणाला साधलं नाही, असं त्यांनी १९८३ साली स्वच्छ लिहिलं. २०१७ साली जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र केले. अंदाज वर्तवण्याची क्षमता नाणेफेकीच्या जरा वर होती, आणि पन्नास वर्षांत ती सुधारली नव्हती.

मग नवव्या प्रश्नात काहीच दम नाही का? आहे. ग्रेगरी सायमन यांच्या २०१३ च्या अभ्यासात ८४,४१८ रुग्णांच्या दोन लाखांहून अधिक प्रश्नावल्या होत्या. ‘अजिबात नाही’ म्हणणाऱ्यांत पुढच्या वर्षभरात आत्महत्येनं मृत्यूचं प्रमाण ०.०३ टक्के होतं, ‘जवळपास रोज’ म्हणणाऱ्यांत ०.३ टक्के. दहापट. एका साध्या प्रश्नानं हे दाखवावं हे थोडं नाही. हाच आकडा उलटा वाचा: रोज असे विचार येतात म्हणणाऱ्या हजारांपैकी ९९७ जण वर्षभरात आत्महत्येनं गेले नाहीत. ज्याच्या कागदावर तीन आहे तो संपल्यातच जमा, असं कुणी समजू नये. त्यानं स्वतः तर मुळीच समजू नये.

सर्वांत फसवा आकडा शून्य. सायमन यांच्याच नंतरच्या विश्लेषणात, प्रश्नावली भरल्यापासून महिन्याभरात झालेल्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ‘अजिबात नाही’ असं उत्तर दिलेल्यांचे होते. अमेरिकेतच बुश, फॉसेट आणि जेकब्स यांनी रुग्णालयात असताना किंवा तिथून सुटल्यावर लगेच झालेल्या ७६ आत्महत्यांचे कागद तपासले. जिथं शेवटच्या बोलण्याची नोंद होती, तिथं ७८ टक्क्यांनी असे विचार नाकारले होते. आपल्याकडे तर नाकारायला आणखी कारणं आहेत. आत्महत्येचा प्रयत्न हा दीडशेहून अधिक वर्षं गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याची धार काढली, नव्या न्याय संहितेत ते जुनं ३०९ कलम उरलं नाही. पण ‘पोलीस केस होईल’ ही भीती कलमासोबत जात नाही. दवाखान्यात आणताना ‘चुकून झालं’ असं सांगण्याची सवय घराघरांत मुरली आहे.

तरीही कारखान्यात शिक्का मारावा तसा शून्यावर शिक्का मारला जातो आणि फाइल बंद होते. म्हणून मला असं वाटतं की शून्याच्या पुढं एक रिकामी ओळ छापलेली असावी: कुणासमोर विचारलं?

कारण प्रश्न कुठं आणि कुणादेखत विचारला, हा यथार्थतेचाच भाग आहे, शिष्टाचाराचा नव्हे. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या सुनेला सासू बाजूला असताना ‘मरावंसं वाटतं का’ विचारलं, तर ती काय सांगेल? २०२२ मध्ये देशात आत्महत्येनं गेलेल्या स्त्रियांत निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. महाविद्यालयात मुलांना मोबाइलवर अर्ज पाठवतात, वर नाव, हजेरी क्रमांक, पालकांचा नंबर, आणि खाली नववा प्रश्न. त्याला खरं उत्तर कोण देईल? असा अर्ज भरून घेऊन शंभर टक्के पाहणी झाली म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे, त्या आकड्यांची सरासरी काढू नका. त्यात मोजण्यासारखं काही नाही.

आणि भाषा. इथं मराठीचं आपलं वेगळं दुखणं आहे. मरण हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळलाय की त्याला अर्थच उरलेला नाही. ‘मेलं, दूध उतू गेलं!’, ‘या उकाड्यानं जीव नकोसा झालाय’, ‘मरू दे ते’. वारीहून परतलेल्या आजी ‘आता पांडुरंगानं न्यावं’ म्हणतात, त्यात भरून पावल्याची तृप्तीही असू शकते. त्याच आजी तेच शब्द मुलाच्या घरच्या कोपऱ्यातल्या खाटेवरून म्हणतात तेव्हा ते वेगळे होतात. प्रश्नावलीत दोन्हींना एकच चौकट. उलट, ज्याच्या मनात खरोखर आलं आहे तो मरणाचं नाव काढेलच असं नाही. तो म्हणतो, ‘सगळ्यांचीच सुटका होईल.’ ‘माझं काही खरं नाही.’ ‘कुठंतरी निघून जावंसं वाटतं.’ ‘पोरांकडे लक्ष असू द्या.’ यांतलं एकही वाक्य ‘स्वतःला इजा पोहोचवण्याचे विचार’ या भाषांतराच्या चौकटीत बसत नाही.

‘आत्महत्या’ हा शब्द तर विदर्भ-मराठवाड्यात सरकारदरबारी जाऊन आला आहे. तिथं आत्महत्या ‘पात्र’ असते किंवा ‘अपात्र’, एक लाखाच्या मदतीसाठी. हा शब्द उच्चारला की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढं तलाठी, पंचनामा आणि वर्तमानपत्र उभं राहतं, स्वतःचं मन नाही. ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ हे वाक्य शास्त्रशुद्ध वाटणार नाही, पण ते कळतं. दोन आठवड्यांचं मापही तसंच. बाजाराच्या वारावरून दिवस मोजणाऱ्या माणसाला ‘मागच्या दोन बाजारांत’ म्हटलं तर त्याला आठवतं. भाषांतर करून ते उलट इंग्रजीत नेऊन जुळवलं म्हणजे काम झालं, असं धरून चालतात. उलटं भाषांतर शब्द जुळवतं. बोलणारा त्या शब्दांनी काय सांगतो, हे फक्त बोलणाऱ्यांत बसूनच कळतं.

असं काम झालेलं नाही असं नाही. गोव्यातल्या प्राथमिक दवाखान्यांत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ५९८ रुग्णांवर पाच प्रश्नावल्या सविस्तर मुलाखतीशी ताडून पाहिल्या, निष्कर्ष २००८ चे. विषय नेहमीच्या मानसिक त्रासांचा होता, आत्महत्येचा नव्हे, पण पद्धत शिकण्यासारखी आहे: रेघ कुठल्या गुणापाशी ओढायची हे बाहेरून आणलं नाही, तिथल्याच माणसांवरून शोधलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प चालला. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते लोकांच्या भाषेत ‘टेन्शन’बद्दल बोलत. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. त्यात तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं नव्हती, म्हणून हा आकडा जपूनच वापरायला हवा. पण एक विचार करा: बोलण्याचा संकोच कमी झालेल्या गावात ‘हो’ म्हणणारे वाढायला हवे होते. ते घटले. मला यात आशा दिसते.

इथं एक जुनी भीती आडवी येते. घरात अभद्र बोलू नये, वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. विचारल्यानं मनात नसलेलं मनात येईल, ही त्याच भीतीची सुशिक्षित आवृत्ती. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत मॅडलिन गूल्ड यांनी २,३४२ विद्यार्थ्यांचे दोन गट केले, एकाला आत्महत्येबद्दल विचारलं, दुसऱ्याला नाही. विचारलेल्यांचा त्रास वाढला नाही, असे विचार वाढले नाहीत. ज्यांना आधीच नैराश्य होतं त्यांचा त्रास विचारल्यावर थोडा कमीच दिसला. हा २००५ चा अभ्यास. या बाबतीत तरी वास्तू तथास्तु म्हणत नाही.

मग करायचं काय? जगातल्या दोन मोठ्या संस्था वरवर पाहता एकमेकींविरुद्ध बोलतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं जुलै २०१९ पासून मानसिक आजारासाठी आलेल्या रुग्णांना तपासलेल्या साधनानं हे प्रश्न विचारणं आवश्यक केलं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शनात सांगितलं, की जोखमीच्या मोजपट्ट्या आत्महत्येचा अंदाज बांधायला वापरू नका आणि कुणाला उपचार द्यायचे हे ठरवायलाही वापरू नका. मला या दोन आज्ञांत भांडण दिसत नाही. एक म्हणते, विचारा. दुसरी म्हणते, उत्तरावरून माणसांची वर्गवारी करून खालच्यांना वाऱ्यावर सोडू नका. दोन्ही एकदम पाळता येतात.

आणि पाळल्या तर काय होतं, याचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या आठ तातडीच्या विभागांत १,३७६ रुग्णांवर झालेलं काम आयव्हन मिलर यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलं. पहिल्या टप्प्यात नेहमीची पद्धत, दुसऱ्यात प्रत्येकाला प्रश्न, तिसऱ्यात प्रश्नांबरोबर सुरक्षिततेचा लेखी आराखडा आणि घरी गेल्यावर पुढचे महिने फोन. नुसत्या प्रश्नांनी पुढच्या वर्षातले प्रयत्न घटले नाहीत. तिसऱ्या टप्प्यात ते नेहमीच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी घटले. प्रश्न तेच होते, उत्तरानंतर कुणीतरी फोन करत होतं. छोट्या प्रश्नावलीच्या बाजूनं आणि विरुद्ध जे काही म्हणायचं, ते सगळं मला या एका अभ्यासात सापडतं.

आक्षेप मला माहीत आहे. देशात लाख लोकांमागे सरासरी एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही. लांब मुलाखती घ्यायच्या कुणी? छोटा कागद हाच आधार. मान्य. म्हणूनच कागदापुढची पायरीही तितकीच छोटी आणि आशाताईंना झेपणारी हवी. बाकीच्यांना बाहेर बसवून विचारणं. ‘हो’ आलं तर घाबरून विषय न बदलणं. असे विचार आले की काय केल्यानं बरं वाटतं, कुणाशी बोलता येतं, घरातली धोक्याची वस्तू कुणी कुलुपात ठेवायची, हे चार ओळींत त्यांच्याच शब्दांत लिहून देणं. तालुक्याला कुणाकडे पाठवायचं याचं नाव आणि वार माहीत असणं. तीन दिवसांनी पुन्हा दारात जाणं. यातलं काहीच करता येणार नसेल, तर त्या दिवशी प्रश्नावली वाटूच नये. माणसानं आयुष्यात पहिल्यांदा ‘जवळपास रोज’वर खूण करावी आणि तो कागद गठ्ठ्यात पडून राहावा, किंवा पडद्यावर ‘धन्यवाद, आपला प्रतिसाद नोंदवला आहे’ एवढंच उमटावं, याला मी पाहणी म्हणणार नाही. त्यानं हाक मारली होती.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशातल्या सर्व राज्यांत सर्वाधिक. आपल्याकडे प्रश्नावली वापरणारा प्रत्येक विभाग, प्रत्येक महाविद्यालय, प्रत्येक ॲप यांनी ती छापण्याआधी एकच गोष्ट लिहून द्यावी, अशी मागणी मला करावीशी वाटते: नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज उत्तर आलं, तर त्याच दिवशी कोण, किती वाजेपर्यंत, त्या माणसाशी बोलणार आहे. नाव आणि वेळ. हे लिहिता आलं नाही तर छापू नये.

हे वाचताना तुमच्या मनात त्या प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल, तर ते आजच कुणाला तरी मोठ्यानं सांगा. घरात सांगण्यासारखं कुणी नसेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा नंबर आहे. तो सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.